घागरीवरचा आकडा

लातूर जिल्हा झाला त्या दिवशी धोंडप्पा लातुरातच होता. उस्मानाबादेपासून लातूर वेगळं निघणार, आता एकेका कागदासाठी दोन दोन दिवस मोडायला नकोत, म्हणून रेणापूरकडची माणसं टेम्पो भरभरून गेली होती. धोंडप्पाला जायचं नव्हतं. त्याची बायको मल्लम्मा तीन आठवडे काविळीनं अंथरुणाला खिळली होती. पण तीच म्हणाली, "जाऊन या की. जिल्हा काय रोज होतो?" दोन दिवसांपासून तिला जरा उतार वाटत होता. पेजेची वाटी ती आपल्या हातानं धरून पीत होती. म्हणून तो गेला.

कमानी बघितल्या, पताका बघितल्या, गर्दीत चपलेचा अंगठा तुटला. गंजगोलाईच्या बाजारात तिच्यासाठी मोसंब्या घेतल्या आणि चारच्या सुमाराला तो एसटी स्टँडवर आला. तिथं गावातला ईश्वरप्पा उभा होता. ईश्वरप्पा तर सकाळी गावातच राहिला होता. तो इथं कसा, असं विचारणार तोच त्याची टोपी त्याच्या हातात दिसली. ईश्वरप्पा झोपतानासुद्धा टोपी काढत नाही, असं गाव म्हणायचं. "घरी चल," एवढंच तो बोलला. मल्लम्मा दुपारी बारालाच गेली होती. बसमध्ये धोंडप्पानं मोसंब्यांची पिशवी मांडीवर धरली होती. घरी पोचल्यावर ती पिशवी कुठं गेली, ते त्याला कधीच आठवलं नाही.

लिंगायतांत सुतक नसतं. शेजारच्या मराठ्यांच्या घरी कुणी गेलं की दहा दिवस चूल पेटत नाही, भावकीतून जेवणाची टोपली येते. लिंगायतांचं तसं नाही. माणूस शिवाला मिळालं, मग विटाळ कसला? स्वामी आले, मल्लम्माला बसवून माती दिली, तिसऱ्या दिवशीचं काय ते झालं आणि पाहुणे आपापल्या गावाला गेले. ही रीत धोंडप्पाला लहानपणापासून अभिमानाची वाटत आली होती. चौथ्या दिवशी सकाळी चूल थंड होती, घरात भूक होती आणि टोपली कुठूनच येणार नव्हती, तेव्हा त्याला पहिल्यांदा मराठ्यांची रीत बरी वाटली.

घरात आता दोघंच. धोंडप्पा आणि त्याची मुलगी शिवकांता. आधीची दोन लेकरं जगली नव्हती. शिवकांता दहावीत होती आणि रोज दहाच्या बसनं रेणापूरच्या शाळेला जायची. घराच्या पुढच्या भागात किराणा दुकान, मागच्या भागात स्वयंपाक आणि अंगण. गावाबाहेर पाच एकर कोरडवाहू. चौथ्या दिवशी शिवकांतानं दप्तर खुंटीला अडकवलं आणि चूल पेटवली. धोंडप्पा दुकानात जाऊन बसला.

त्या वर्षी पाऊस पोळ्याच्या आधीच तुटला. भादवा कोरडा गेला. दसऱ्याला गावविहिरीचा तळ दिसला आणि दिवाळीच्या तोंडावर टँकर सुरू झाला. टँकर सकाळी दहाला यायचा. म्हणजे म्हणायला दहाला. कधी साडेदहा, कधी अकरा. माणशी दोन घागरी. घागर रांगेत ठेवून जरा बाजूला झालं की मागची बाई ती पायानं सरकवायची. म्हणून घागरीपाशी माणूस उभं लागायचं. दहाची बस जायची आणि शिवकांता घागरीपाशी उभी असायची.

धोंडप्पाला हे दिसत नव्हतं असं नाही. दुपारी ती घरात असते, भांडी घासते, हे त्याला दिसत होतं. पण त्याचा अर्थ तिची शाळा बुडते, असा त्यानं लावला नव्हता. दुकानात गिऱ्हाईक आलं की तो साखर तोलायचा, गिऱ्हाईक गेलं की तराजूकडे बघत बसायचा. शेवटी एक दिवस शाळेतले शेषेराव गुरुजी बाजारच्या वाटेनं दुकानात आले. काडेपेटी घेतली आणि विचारलं, "पोरगी आजारी आहे का?"

धोंडप्पा म्हणाला, नाही. गुरुजी म्हणाले, गेल्या महिन्यात ती सहाच दिवस आली. गणितात वर्गात तिच्यापुढं कुणी नाही. परीक्षेचे फॉर्म भरायला आठ दिवस राहिलेत. येणार असेल तर उद्यापासून रोज यायला हवं, नाहीतर हेडमास्तर सही करणार नाहीत. एवढं बोलून ते गेले. काडेपेटी तिथंच विसरले.

धोंडप्पा आत गेला. शिवकांता पितळी तांब्या राखेनं घासत होती. पाणी नव्हतं म्हणून राख फडक्यानंच पुसत होती.

"शाळेला जात न्हाईस व्हय?"

"जाते की कधी कधी."

"मला सांगितलं न्हाईस."

"तुम्ही विचारलं न्हाई, अप्पा." तिनं तांब्या उपडा ठेवला. "आन् मी गेले तर पाणी कोण भरणार? भाकरी कोण थापणार?"

यावर एकच उत्तर होतं, आणि ते त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी दिलं. शिवकांताला बसमध्ये बसवलं, दुकानाची फळी लावली आणि दोन्ही हातांत घागरी घेऊन तो रांगेत जाऊन उभा राहिला.

त्या रांगेत तोवर बाप्या माणूस कुणी उभा राहिला नव्हता. पंचवीस बायका आणि एक धोंडप्पा. पुढं उभी असलेली शेजारची सरजाबाई मागं वळली. ती त्याला लंगोटीत असल्यापासून ओळखत होती.

"धोंडप्पा, पदर घे की डोक्यावर. थोरल्या बाया हायत रांगेत."

"माझ्या दुकानात कापड न्हाई, सरजाकाकू. नुसती मिरची हाय."

बायका हसल्या आणि मग त्याला कुणी वेगळं धरलं नाही. वेगळं धरलं नाही म्हणजे त्याचीही घागर पायानं मागं सरकवली.

भाकरीचं आणखी अवघड होतं. पहिली भाकरी हातातच फाटली. दुसरी पडली ती अर्धी तव्यावर, अर्धी जाळात. तिसरी गोल झाली, पण ती तव्यापासून सुटेना. शेवटी उलथन्यानं खरवडून काढली. शिवकांता दारात पुस्तक घेऊन बसली होती. ती तोंडावर पुस्तक धरून हसायला लागली. आई गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली, आणि त्यासाठी धोंडप्पानं आणखी दहा भाकरी जाळल्या असत्या. तिनं सांगितलं, अप्पा, पीठ उकळत्या पाण्यात मळा, जुन्या ज्वारीला चिकाटी नसते. त्यानं तसं केलं. बोटं भाजली, पण भाकरी एकसंध निघाली.

तरी सकाळचं गणित बसेना. पहाटे उठून भाकरी करायची, मग घागरी घेऊन रांगेत दोन तास. तेवढा वेळ दुकान बंद. गिऱ्हाइकं परत जायला लागली. रांगेतल्या सगळ्याच बायकांचं हे रडगाणं होतं. कुणाची खुरपणी बुडायची, कुणाचं लेकरू पाळण्यात रडत राहायचं, आणि घागर कुणी सरकवली यावरून रोज एक तरी भांडण व्हायचं. एकदा दोघींच्या झोंबाझोंबीत भरलेली घागर कलंडली, तेव्हा भांडण थांबलं. सगळ्या जणी जमिनीत जिरणाऱ्या पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी धोंडप्पा गेरूचा खडा घेऊन गेला. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोत्यांवर आकडे घालतात, ते त्याला माहीत होतं. पोतं कुठं का पडेना, आकडा सांगतो ते कुणाचं आणि कितवं. त्यानं सकाळी सातलाच जमलेल्या घागरींवर ओळीनं आकडे घातले, गळ्यापाशी, मोठे, पुसले जाणार नाहीत असे. मग म्हणाला, आता घरी जा. टँकर आला की मी हाळी देतो. आकड्याप्रमाणं पाणी.

विश्वास कुणी ठेवला नाही. पहिले दोन दिवस बायका घागरींवर नजर ठेवून आडोशाला बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी सातआठ जणी घरी गेल्या. आठवड्यानं घागरी एकट्या उभ्या राहायला लागल्या, आणि धोंडप्पाचं दुकान टँकरचा भोंगा वाजेपर्यंत उघडं राहायला लागलं. पंधरा दिवसांत अक्षर न येणाऱ्या बायकाही आकडे ओळखायला लागल्या. सरजाबाईला सव्वीस आकडा फार आवडला. तिचा नंबर दुसरा आला तरी ती म्हणायची, मला सव्वीस घाल.

कडक भाकरीचं तिनंच काढलं. रोज पहाटे कशाला मरतोस, ती म्हणाली, तुम्हा लोकांत कडक भाकरी करतात की, एकदा बसलं की आठ दिवसांचं काम. धोंडप्पानं कपाळाला हात लावला. जन्मभर त्यानं ती भाकरी खाल्ली होती; पापडासारखी पातळ, मोडली की कडकन वाजणारी, शेंगाचटणीबरोबर. मल्लम्मा ती कधी करायची, ते मात्र त्यानं बघितलं नव्हतं. टोपलीत असायची, एवढंच त्याला ठाऊक होतं.

रविवारी दुकान लवकर बंद करून त्यानं वीस भाकऱ्या केल्या, एकावर एक रचल्या, फडकं गुंडाळलं आणि झाकण लावून टोपली फळीवर ठेवली. बुधवारी झाकण काढलं तर भाकऱ्यांवर पांढरी लव आलेली. दुष्काळात एवढ्या भाकऱ्या सरजाबाईच्या म्हशीपुढं टाकायच्या म्हणजे चोरी केल्यासारखं वाटलं. ही बातमी रांगेत कशी पोचली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी दहा जणींनी त्याला सांगितलं की भाकरी गरम असताना झाकायची नसते. चुलीच्या भोवती उभी करून ठेवायची, जाळ विझला तरी ऊब राहते, त्या उबेत ती सुकते, आणि पार गार झाल्यावरच टोपलीत जाते. पुढच्या रविवारच्या भाकऱ्यांना शेवटची संपेपर्यंत लव आली नाही. शिवकांता रोज पाच-सहा बांधून शाळेला न्यायची. त्यातल्या तीन मैत्रिणी खायच्या.

फॉर्म भरला गेला. आता सगळं मार्गी लागलं, असं धोंडप्पाला वाटत होतं, तेवढ्यात उदगीरहून त्याची थोरली बहीण नागम्मा आली.

नागम्मा आली ती येळवशीच्या आठ दिवस आधी. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. लातूरकडं त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं. आंबील, सगळ्या भाज्यांची आणि डाळींची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करून लक्ष्मीला नैवेद्य दाखवायचा आणि आंबील रानाला शिंपडायची. पीक असो वा नसो, येळवस चुकत नाही.

धोंडप्पाची आई तो चार महिन्यांचा असताना गेली होती. नागम्मानंच त्याला वाढवलं. तिच्यापुढं त्यानं कधी मान वर केली नव्हती. तिनं आल्या दिवशीच घर बघितलं, चुलीपुढं बसलेला भाऊ बघितला, आणि रांगेचं ऐकल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. उभ्या उदगीरात सांगायची सोय ठेवली न्हाईस, म्हणाली. मग दोन दिवसांनी, शिवकांता शाळेला गेलेली असताना, तिनं मनातलं काढलं. पोरीला मी घेऊन जाते. आमच्या विहिरीला पाणी आहे, तिथं ती सुखानं राहील. एक पोरगं बघून ठेवलंय, कापडाचं दुकान आहे, उन्हाळ्यात लग्न उरकू. शाळा पुरे झाली.

तिचं बोलणं वाईट नव्हतं, हीच अडचण होती. पाणी होतं, दुकान होतं, बहिणीचा जीव होता. धोंडप्पा म्हणाला, येळवस होऊ दे, अक्का.

"येळवस कोण करणार? तू?"

"मीच."

"आंबील, भज्जी, उंडे, सगळं?"

"सगळं."

नागम्मा हसली नाही. "कर. पोरीचा हात लागू न देता कर. जमलं तर मी तोंड मिटून एकटी जाईन. न्हाई जमलं तर पोरगी माझ्याबरोबर."

धोंडप्पानं शिवकांताला हे सांगितलं नाही. पण घराच्या भिंती पातळ होत्या. त्या आठवड्यात ती पुस्तक घेऊन बसायची आणि पान उलटायची नाही.

त्यानं रांगेत विचारून विचारून सगळं जमवलं. सरजाबाईच्या म्हशीचं ताक आणलं. आदल्या दिवशी दुपारी ज्वारीचं पीठ कालवून, लसूण-जिरं वाटून आंबील केली आणि घरातल्या मोठ्या पितळी भांड्यात भरून झाकून ठेवली. भांडं चांगलं घासून लखलखीत केलं होतं. येळवशीच्या सकाळी उंडे वाफवले, भज्जी शिजवली. चव बघितली, चांगली होती, मल्लम्माइतकी नाही पण चांगली. मग आंबिलीचं झाकण काढलं.

भांड्याच्या कडेनं हिरवं वर्तुळ आलं होतं. वास तांब्याच्या पैशासारखा. भांड्याची कल्हई कधीच उडाली होती, आणि बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवत नाहीत, हे किराणा दुकानात बसून कळत नाही. ते घासून लखलखीत दिसलं, म्हणून तर त्यानं ते निवडलं होतं.

धोंडप्पा चुलीपाशी बसून राहिला. नागम्मा अंगणात पूजा करत होती. मागच्या दारानं जाऊन ही आंबील उकिरड्यात ओतावी आणि सरजाबाईकडून एक घडाभर आणावी, कुणाला काही कळणार नव्हतं. तो उठलाही. मग परत बसला आणि हाक मारली, "अक्का, जरा इकडं ये."

नागम्मा आली, वाकली, वास घेतला. तिनं विचारलं, कल्हई कधी केली होती? त्याला माहीत नव्हतं. शिवकांतालाही माहीत नव्हतं. ते ज्या एका बाईला माहीत होतं तिचं नाव कुणी घेतलं नाही. भांडं चिंचेनं धुवायला हवं होतं आणि घरात तांब्याभरच पाणी होतं. नागम्मानं स्वतःच घागर उचलली. आठ दिवस ती लाजेनं त्या बाजूला फिरकली नव्हती.

टँकर यायचा होता. चाळीस-पन्नास घागरी ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्यावर गेरूचा आकडा, आणि माणूस एकही नाही. फक्त सरजाबाई दगडावर बसून तंबाखू मळत होती. नागम्मानं विचारलं, बाया कुठं गेल्या? सरजाबाईनं सांगितलं. आकडे कुणी घातले, कसे घातले, पहिल्यांदा कशा हसलो, सगळं.

"तुमचा भाऊ लई येडा हाय, अक्का," ती म्हणाली. "पर माझी नात दिवाळीपासून घागर धरून उभी होती. आता घागर एकटी उभी राहती, पोरगी शाळेला जाती. तिच्यासारख्या आणिक तिघी हायत."

नागम्मानं ओळीच्या टोकापर्यंत बघितलं. मग तिनं आपली घागर सगळ्यांच्या मागं ठेवली आणि गेरू कुठं आहे, असं विचारलं.

शेतात ज्वारी गुडघ्याएवढी होती, कणसं नव्हती. कडब्याची कोप छोटीच केली. आंबील सरजाबाईच्या मडक्यातली होती. शिवकांतानं नैवेद्य दाखवला, तिघांनी शेताला फेरी घालून आंबील शिंपडली आणि तिघं बोरीच्या सावलीत जेवायला बसली. नागम्मानं भज्जी दोनदा वाढून घेतली. उंडा मोडून बघितला, आतून कच्चा नव्हता. मग पाणी पिऊन म्हणाली,

"आंबील मागून आणलेली हाय. हरलास तू."

"हाव, अक्का. हरलो."

"मग पोरीला नेऊ?"

शिवकांतानं घास ताटात ठेवला. धोंडप्पा बहिणीच्या पायांकडे बघत होता. त्याच पायांवर तिनं त्याला न्हाऊ घातलं होतं.

"न्यायचं न्हाई," तो म्हणाला.

वाऱ्यानं ज्वारीची पानं वाजली. नागम्मानं पदरानं तोंड पुसलं. इतक्या वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं, आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं. "आंबील सुद्दीक येत न्हाई," ती म्हणाली, "आन् तोंड वर करून बोलतोय." पण आवाजात धार नव्हती. मग ती शिवकांताकडे वळली. "परीक्षा कधी तुझी?"

"मार्चात, आत्या."

"मार्चापर्यंत मी काही बोलत न्हाई. मग बघू." आणि भावाला म्हणाली, "कल्हईवाला आला की सगळी भांडी काढ. एक ठेवू नकोस."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. बसमध्ये चढताना तिनं अर्धी टोपली कडक भाकरी मागून घेतली. उदगीरला दाखवायची होती, असं म्हणाली.

मार्चात शिवकांताचा पहिला पेपर होता. धोंडप्पानं तिला भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली, पहाटेच्या बससाठी बसस्टँडपर्यंत सोडायला गेला. ती खिडकीपाशी बसली. काय सांगावं ते त्याला सुचेना, म्हणून त्यानं सांगितलं की पेन दोन आहेत ना ते बघ. तिनं दोन पेन वर करून दाखवली. बस गेली. तो परत आला, गेरू घेतला आणि घागरींवर आकडे घालायला लागला. त्या दिवशी एक्कावन्न घागरी होत्या.

निकाल लागायला जून उजाडणार होता. नागम्माचं "मग बघू" अजून तसंच होतं. आणि मल्लम्माच्या समाधीवर कट्टा बांधायचा राहिला होता. विटा आणून ठेवल्या होत्या, चुनाही होता. कट्ट्याला पाणी लागतं. ते नव्हतं, म्हणून तेवढं काम राहिलं होतं.